‘झालंच आता’ म्हणू नका, नळी कुठवर आलीय ते सांगा: कोलोनोस्कोपी करणाऱ्या मंडळींना खुलं पत्र

माननीय पोटविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, एन्डोस्कोपी युनिटमधल्या सिस्टर आणि टेक्निशियन मंडळी,

सप्रेम नमस्कार.

माझ्या आजवर दोन कोलोनोस्कोपी झाल्यात, म्हणजे शौचाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी आत घालून मोठं आतडं बघायची टेस्ट. दोन्ही वेळा मला काहीही होत नव्हतं, ना पोट दुखत होतं, ना शौचातून रक्त जात होतं, पहिल्यांदा पन्नाशी आली म्हणून डॉक्टर म्हणाले एकदा आतड्याच्या कॅन्सरचं स्क्रीनिंग करून घ्या म्हणून गेलो आणि दुसऱ्यांदा पहिल्या वेळी पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, सापडला होता म्हणून गेलो. हे मी सगळ्यात आधी सांगतोय कारण दुखतंय म्हणून येणारा पेशंट आणि धडधाकट असताना स्वतःच्या पायांनी चालत येणारा माणूस यात खूप फरक आहे. ज्याचं दुखतंय त्याला दुसरा मार्गच नसतो, तो दात-ओठ खाऊन सहन करतो. धडधाकट माणसाकडे मात्र एक मार्ग कायम मोकळा असतो, तो म्हणजे पुन्हा न येणं.

पहिल्या टेस्टमध्ये माझ्या आतड्यात १२ मिलिमीटरचा पॉलिप सापडला आणि तिथल्या तिथे काढला. असा पॉलिप तसाच राहिला तर त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहाएक वर्षं लागू शकतात, आणि तेवढ्या वर्षांत कोणाला काही कळतही नाही. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वोल्फ या डॉक्टरांनी पोट न उघडता नुसत्या नळीतून पॉलिप काढून दाखवला, त्याच्या आधी माझ्यासारख्याचं पोट फाडावं लागलं असतं. तुमच्या या विद्येमुळे मी आज बिनघोर आहे, त्याबद्दल मनापासून आभार, आणि पुढे जे लिहितोय ते हे आभार मनात ठेवूनच लिहितोय.

आता पहिला दिवस सांगतो.

मागे नाड्या असलेला गाऊन घालून मला पॅसेजमध्ये बाकावर बसवलं. मागून गाऊन उघडा पडत होता म्हणून मी एका हाताने तो धरून बसलो होतो आणि दुसऱ्या हाताला सुई लावलेली. आत नेलं, डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्या म्हणाले, सलाईनमधून इंजेक्शन दिलं. मला वाटलं आता झोप लागेल, पण लागली नाही, नुसतं डोकं जड झालं. नळी आत गेली, थोड्या वेळाने पोटात अशी कळ आली की मी ओरडलोच. तेव्हा कोणीतरी म्हणालं ‘झालंच आता’. मग पुन्हा कळ आणि पुन्हा ‘झालंच आता, पाचच मिनिटं’. हे चार वेळा ऐकलं, मी मोजत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या वेळेनंतर माझा त्या शब्दावरचा विश्वास उडाला आणि विश्वास उडाल्यावर माणूस अंग आणखी आखडून घेतो, आणि अंग आखडलं की आणखी दुखतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

एक गोष्ट लिहायला लाज वाटते पण लिहितो, कारण माझ्यासारखे अजून खूप जण असणार. आतडं फुगवायला गॅस आत सोडतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे टेबलवर मला सारखं वाटायला लागलं की मला जोराची लागलीय आणि आता इथेच घाण होणार, सगळ्यांच्या समोर. म्हणून मी पूर्ण वेळ आवळून धरलं. ‘पोट सैल सोडा, सैल सोडा’ असं डॉक्टर म्हणत होते आणि मी जीव खाऊन आवळत होतो. ‘काका, हा नुसता गॅस आहे, आम्हीच सोडलाय, बिनधास्त बाहेर जाऊ द्या, इथे कोणालाही काही वाटत नाही’ एवढं एक वाक्य कोणी बोललं असतं तर निम्मा त्रास गेला असता. टेस्टनंतरही तेच. बाहेर पडद्याला लागून पडदा, शेजारी पेशंट, मी गॅस धरून पडून राहिलो आणि संध्याकाळपर्यंत पोट ढोलासारखं फुगलेलं.

आणि पॉलिप काढताना? काही म्हणजे काही कळलं नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं दुखत नाही, दुखतं ते आतडं ताणलं गेल्याने, हे मला खूप नंतर समजलं. मी मात्र ‘आता कापणार’ हे शब्द कानावर पडल्यापासून श्वास रोखून त्या कापण्याची वाट बघत होतो. उगाचच.

घरी आलो आणि हे सगळं थोरल्या बहिणीला जसंच्या तसं सांगितलं. पॉलिप १० मिलिमीटरच्या वरचा होता म्हणून सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं, आणि तोच निरोप द्यायला मी ताईकडे गेलो होतो. निरोप दिला पण त्याच्या आधी अर्धा तास त्या टेबलाचं वर्णन केलं. ताई म्हणाली, ‘तुझं ऐकल्यावर मी काही जात नाही, मला काही होत नाहीये.’ ताईची ही टेस्ट तीन वर्षांहून जास्त काळ राहून गेली. मला तीन वर्षांनी परत बोलावलं होतं, मी तारीख दोनदा पुढे ढकलली.

म्हणजे बघा, एका पेशंटच्या अर्ध्या तासाच्या त्रासात दोन माणसं टेस्टपासून लांब गेली. हे मी एकट्याचं रडगाणं म्हणून सांगत नाही. २०२२ मध्ये नॉर्वे, पोलंड आणि स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले, त्यात ज्यांना कोलोनोस्कोपीसाठी रीतसर बोलावणं पाठवलं त्यातले फक्त ४२ टक्के लोक आले. न येण्याची कारणं सगळी दुखण्याचीच असतील असं माझं म्हणणं नाही, पण कोणाकडून तरी ऐकलेलं काहीतरी त्यात असणारच. अमेरिकेत २०२१ पासून स्क्रीनिंगचं वय ५० वरून ४५ वर आणलंय, रिपोर्ट नॉर्मल आला तरी दहा वर्षांनी परत यायचं असतं, म्हणजे एकाच माणसाला आयुष्यात तीनदा तरी तुमच्या टेबलवर यायचंय. पहिल्याच वेळी तो घाबरून गेला तर पुढच्या दोन वेळा गेल्या.

दुखण्याची आठवण कशी बनते यावर मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर यांनी कोलोनोस्कोपीच्याच पेशंटवर काम केलंय. १९९६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात त्यांनी १५४ पेशंटना टेस्ट चालू असताना दर मिनिटाला किती दुखतंय ते विचारलं आणि नंतर एकंदर कसं गेलं ते विचारलं. तर टेस्ट किती वेळ चालली याचा आठवणीशी फारसा संबंधच नव्हता, लक्षात राहिली ती सगळ्यात वाईट कळ आणि शेवटची काही मिनिटं. मग २००३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ६८२ पेशंटवर त्यांनी असं केलं की निम्म्या लोकांमध्ये शेवटी नळीचं टोक थोडा वेळ न हलवता तसंच ठेवलं, म्हणजे टेस्ट लांबली पण शेवट सौम्य झाला, आणि त्या लोकांना ती टेस्ट कमी त्रासाची वाटली, नंतर परत येण्याचं प्रमाणही थोडं जास्त निघालं. मी काही असं म्हणत नाही की नळी उगाच आत ठेवा, ते मला स्वतःला नकोय. पण शेवटची दोन मिनिटं घाईत ओढून काढू नका, निघताना आतला गॅस खेचून घ्या, आणि ‘आता फक्त बाहेर येतोय, आता दुखायचं काही राहिलं नाही’ हे पेशंटच्या कानाशी येऊन सांगा. माझ्या पहिल्या वेळी शेवटचं वाक्य होतं ‘पुढचा पेशंट घ्या’.

दुसरी टेस्ट वेगळ्या ठिकाणी झाली आणि त्या दिवशी मला कळलं की हे सगळं वेगळंही होऊ शकतं.

तिथे डॉक्टरांनी आधी खुर्ची ओढून समोर बसून पाच मिनिटं बोलून घेतलं, मागच्या वेळी नक्की कुठे दुखलं विचारलं, मी डावीकडे बेंबीच्या खाली बोट ठेवलं. म्हणाले, तिथे आतडं सैल लोंबतं असतं, नळी सरळ न जाता तिचं तिथे वेटोळं पडतं, आणि आम्ही पुढे ढकललं की ते वेटोळं ताणलं जातं, तेच तुम्हाला दुखलं. मोठं आतडं साधारण दीड मीटर असतं, त्यातलं हे वळण सगळ्यात अवघड. मग म्हणाले, आज जाताना गॅस जवळजवळ वापरणार नाही, पाणी सोडत आणि तेच पाणी ओढून घेत हळूहळू पुढे जाऊ, म्हणजे आतडं फुगणार नाही, आणि वेटोळं पडलं तर ढकलणार नाही, मागे घेऊन सरळ करू. बाहेर येताना बघायला गॅस लागेल तो कार्बन डायऑक्साइड वापरू. हा गॅस आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातो आणि श्वासावाटे निघून जातो, साध्या हवेतल्या नायट्रोजनच्या मानाने शंभर पटींहून जास्त वेगाने शोषला जातो. हवा आत राहते म्हणून पोट संध्याकाळपर्यंत फुगतं, हा गॅस तासाभरात गेलेला असतो. मला खरंच तासाभरात काही वाटत नव्हतं.

आणि त्या सिस्टर. त्या माझ्या डोक्याशी उभ्या होत्या, स्क्रीनकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होत्या. माझ्या कपाळावर आठी पडली की मी काही बोलायच्या आधी त्या डॉक्टरांना म्हणायच्या ‘सर, थांबा जरा’. ‘झालंच आता’ एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आता डावीकडचं पहिलं वळण आहे, इथे थोडं दाब वाटेल, मी पोटावर हात ठेवते’, आणि तळहात सपाट ठेवून बेंबीच्या खाली असा दाबून धरला की नळीने वेटोळं घ्यायला जागाच मिळू नये. मग पाठीवर वळवलं. मग ‘आता वरचं वळण’, मग ‘आता टोकाला पोचलो, आता नुसतं बाहेर यायचंय आणि बघायचंय, सहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेणार कारण नीट बघायचंय’. कुठे आहोत आणि किती राहिलंय हे माहीत असलं की माणूस सहन करतो हो. अंधारात चालायला लावलं की दोन पावलंही लांब वाटतात. इंजेक्शन तर दोन्ही वेळा जवळपास सारखंच दिलेलं.

इंजेक्शनवरून आठवलं. भूलतज्ज्ञांना माझी खास विनंती आहे. विसरणं आणि न दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिडाझोलाम हे गुंगीचं औषध दिल्यावर पुष्कळ लोकांना नंतर काही आठवत नाही, पण टेबलवर ते कण्हत असतात, हात झटकत असतात. ‘त्यांना काही आठवणार नाही’ असं त्यांच्या देखत बोललेलं मी माझ्या पहिल्या दिवशी पडद्याआडून ऐकलंय, शेजारच्या टेबलवरच्या बाईंबद्दल. त्या क्षणी त्या बाईंना दुखतच होतं ना. प्रोपोफॉल देऊन पूर्ण झोपवणं हा एक मार्ग आहे, पण त्याला श्वासावर, ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारा वेगळा माणूस लागतो आणि वयस्कर किंवा हृदयाच्या, फुप्फुसाच्या पेशंटला ते नेहमीच बरं असतं असं नाही. काही लोकांना तर भूलच नको असते कारण घरी न्यायला सोबत कोणी नाही, आणि भुलेनंतर २४ तास गाडी चालवायची नाही म्हटल्यावर एकट्या राहणाऱ्या माणसाने करायचं काय. अशांसाठी निम्मा ऑक्सिजन आणि निम्मा नायट्रस ऑक्साइड असा गॅस असतो, पेशंटने स्वतःच हातात मास्क धरून लागेल तसा ओढायचा, काही मिनिटांत त्याचा असर उतरतो. हे सगळे पर्याय आहेत. पेशंटला आधी बसवून सांगा आणि त्याला ठरवू द्या. मला पहिल्या वेळी विचारलंच नव्हतं, एका कागदावर सही घेतली होती फक्त.

नळीची जाडी पण. बारीक अंगाच्या बायका आणि गर्भाशय काढलेल्या बायकांमध्ये आतडं जास्त पिळलेलं, चिकटलेलं असू शकतं, तिथे बारीक आणि लवचिक स्कोप वापरला तर त्रास कमी होतो हे तुम्हालाच माहीत आहे. मग तो कपाटात न राहता अशा पेशंटच्या वेळी आधीच टेबलशी काढून ठेवलेला असावा, दुखायला लागल्यावर शोधायचा नाही.

टेस्टच्या आदल्या दिवसाचंही लिहितो, कारण खूप जणांचा खरा त्रास तिथेच असतो. मला पहिल्या वेळी झेरॉक्सची झेरॉक्स केलेला कागद दिला होता, अर्धी अक्षरं उडालेली, त्यात आतडं साफ करायचं सगळं औषध आदल्या संध्याकाळी घ्यायचं लिहिलेलं. रात्रभर मी कमोडवरून उठलो नाही. दुसऱ्या वेळी अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं सकाळी टेस्टच्या चार-सहा तास आधी असं दोन भागात दिलं, पिणं सोपं गेलं आणि आतडंही जास्त साफ झालं. दोन भागात द्यायचा सल्ला आता सगळीकडेच देतात, तरी जुने कागद तसेच वाटले जातात. सकाळची वेळ असेल तर दुसरा भाग पहाटे उठून घ्यावा लागणार हे तारीख देतानाच सांगा, ज्याला जमणार नाही तो दुपारची वेळ मागेल. आणि बारीकसारीक गोष्टी कागदावर लिहा ना. औषध गार करून स्ट्रॉने प्या. पहिला जुलाब व्हायच्या आधीच शौचाच्या जागी व्हॅसलिन लावा, नंतर लावून उपयोग नसतो, तोपर्यंत कातडी सोललेली असते. पुसताना कोरडा कागद घासू नका, पाण्याने धुऊन हलकेच टिपा. आदला पूर्ण दिवस उपाशीच राहायला पाहिजे असं प्रत्येकाला नसतं, कमी चोथ्याचं हलकं खाणं चालतं असं आताचे नियम म्हणतात, तर तसं स्पष्ट सांगा. डायबेटिसवाल्यांनी गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं हे तर फोन करून सांगायला हवं, कागदावर सोडू नका.

मूळव्याध किंवा शौचाच्या जागी चीर असलेल्या माणसाला नळी आत जातानाच ब्रह्मांड आठवतं. आधी विचारा, बधिर करणारं जेल लावून दोन मिनिटं थांबा, मग सुरू करा. दोन मिनिटं.

आणि अब्रू. मागच्या बाजूला भोक असलेल्या एकदाच वापरायच्या चड्ड्या मिळतात, त्या घातल्या की पेशंट पूर्ण झाकलेला राहतो आणि तुमचं काम अडत नाही. खोलीत कोण कोण आहे हे पेशंटला सांगा, ओळख करून द्या. शिकाऊ डॉक्टर असतील तर विचारा, मी तरी हो म्हणेन, पण विचारा. बाई डॉक्टर पाहिजे असं एखादी म्हणाली तर नाक मुरडू नका, काही बायका एवढ्यासाठी टेस्ट टाळतात. कोणाच्या अंगावर आयुष्यात काय प्रसंग गुदरलाय हे तुम्हाला रिपोर्टवरून कळत नाही, कुशीवर वळवून पाठीमागे उभं राहणंच काहींना सहन होत नाही. म्हणून प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, सुरू करायच्या आधी एक खूण ठरवून द्या: हात वर केला की आम्ही थांबणार. आणि मग खरंच थांबा.

एक शंका येते ती मला माहीत आहे, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलीय. एवढं सगळं करत बसलो तर वेळ जातो, लिस्ट लांबते, आमचं मुख्य काम पॉलिप शोधणं आहे. अगदी मान्य. डॉक्टरचं पॉलिप सापडण्याचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं तर पुढच्या टेस्टच्या आधी, मधल्या काळात कॅन्सर निघण्याचा धोका साधारण तीन टक्क्यांनी कमी होतो असं २०१४ च्या अभ्यासात दिसलंय, म्हणून ते आकडे तुम्ही जपता आणि जपायलाच पाहिजेत. पण पाणी सोडत-ओढत जायच्या पद्धतीत दुखणंही कमी आणि पॉलिपही जास्त सापडतात हे अभ्यासांत दिसलंय. तेव्हा एकाच्या बदल्यात दुसरं असा हिशोब इथे नाही.

माझं खरं मागणं एवढंच आहे की पेशंटला किती दुखलं हा आकडाही बाकी आकड्यांसारखा लिहा. नळी टोकापर्यंत पोचली का ते तुम्ही लिहिता, बाहेर यायला किती मिनिटं लागली ते लिहिता, आतडं किती साफ होतं त्याला मार्क देता. दुखण्याचा रकाना माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये नव्हताच. ब्रिटनमध्ये सिस्टर प्रत्येक टेस्टला कम्फर्ट स्कोअर लिहितात आणि कुठल्या डॉक्टरच्या हातून पेशंटला जास्त त्रास होतो हे युनिटला त्यावरून बघता येतं. हा आकडा डॉक्टरांनी स्वतः लिहू नये, डोक्याशी उभ्या असलेल्या सिस्टरनी लिहावा, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून पेशंटलाही विचारावं. ज्यांच्या हातून जास्त दुखतं त्यांना कोणी ओरडावं म्हणून नाही सांगत, त्यांनी ज्यांच्या हातून कमी दुखतं त्यांच्या शेजारी चार दिवस उभं राहून बघावं म्हणून सांगतोय. हात शिकता येतो. माझ्या दोन दिवसांत जो फरक होता तो नशिबाचा नव्हता.

हॉस्पिटल चालवणाऱ्यांनाही सांगतो, एका सकाळीत किती टेस्ट बसवायच्या हे तुम्ही ठरवता. दोन कमी बसवा. घाईतला हात जड पडतो.

दुसऱ्या टेस्टनंतर मी ताईकडे गेलो आणि हे पण सगळं सांगितलं, त्या सिस्टरचा सपाट तळहात, पाणी, वळणांची नावं, तासाभरात उतरलेलं पोट. ती बराच वेळ काही बोलली नाही. दोन आठवड्यांनी तिचाच फोन आला, तारीख घेतलीय म्हणाली, पुढच्या महिन्यातली. तिला तुमच्यापैकी कोण मिळेल मला माहीत नाही. तिचा एकच प्रश्न आहे, मी म्हटलं पत्रात लिहितो: ‘मी हात वर केला तर थांबतील ना रे?’

आपला,
दोन टेस्ट झालेला आणि तिसरीलाही येणारा एक पेशंट